मांडवसरच्या हत्तीचा चौथा पाय

आमच्या संग्रहालयाच्या बोधचिन्हातला हत्ती गुढीपाडव्याच्या सकाळी बोर्डावरून खाली उतरला, आणि त्याला तीनच पाय असल्याचं उघड झालं.

तो उतरणार हे कार्यकारिणीत ठरलेलं होतं. पायांविषयी काही ठरलेलं नव्हतं.

आधी गावाबद्दल सांगतो. मांडवसरात साखर कारखाना नाही, रेल्वे नाही, आणि मांडवसरचा माणूस आजवर मंत्री झालेला नाही. मांडवसरात लोककला संग्रहालय आहे. चामड्याच्या बाहुल्या आहेत, सोंगांचे मुखवटे आहेत, वासुदेवाच्या मोरपिसांच्या टोप्यांची एक अख्खी भिंत आहे. घरी पाहुणा आला की आधी त्याला संग्रहालय दाखवायचं, चहा नंतर, ही इथली रीत. मी त्या संस्थेचा मानद कार्यवाह. नोकरीत असताना गुरांचा डॉक्टर होतो, म्हणून गाव मला अजून डॉक्टरच म्हणतं.

संस्थेचं बोधचिन्ह म्हणजे एक वर्तुळ आणि त्यात झूल पांघरलेला, सोंडेत डफ धरलेला गेरूच्या रंगाचा हत्ती. संस्था निघाली तेव्हा शंकरराव चितारींनी तो काढला. चितारी देवळाच्या भिंती रंगवायचे, हॉटेलांच्या पाट्या रंगवायचे, बेंदराला बैलांची शिंगंही रंगवायचे. त्यांचा हत्ती आमच्या तिकिटावर, बिल्ल्यावर, फाटकावरच्या मोठ्या बोर्डावर, सगळीकडे. मांडवसरची पोरं हत्ती काढायला शिकतात ती हाच बघून.

यंदा जिल्ह्यातल्या सगळ्या सांस्कृतिक संस्थांनी आपापली बोधचिन्हं जिवंत करायची असं ठरलं. फोनचा कॅमेरा बोर्डावर धरला की चित्र बोर्ड सोडून अंगणात उभं राहतं, त्याला ऑगमेंटेड रिअॅलिटी म्हणतात. आमचं काम पुण्याच्या ऋजुता वाळिंबे या मुलीनं घेतलं होतं. महाराष्ट्रदिनी सगळ्या संस्थांच्या बोधचिन्हांची मिरवणूक मांडवसरातच निघायची होती, आणि सगळ्यांत जुनं बोधचिन्ह म्हणून पुढे चालण्याचा मान आमच्या हत्तीचा होता.

पाडव्याला अध्यक्ष आप्पासाहेब मगदुमांनी गुढीला नमस्कार केला आणि फोन वर धरला. अंगणात जमलेल्या सगळ्यांनी धरले. हत्तीनं आधी डफ खाली ठेवला, मग एक पाय वर्तुळाबाहेर टाकला, मग दुसरा, आणि सावकाश खाली आला. टाळ्या झाल्या. टाळ्या चालू असतानाच तो उजवीकडे कलला, कलत कलत फाटकाच्या दगडी खांबापर्यंत गेला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

"नमस्कार," तो म्हणाला. आवाज फोनमधून येत होता, सगळ्यांच्या फोनमधून एकदम. "मला टेकायला हा खांब घ्यावा लागतोय. संस्थेची हरकत नसावी."

"छे, छे," आप्पासाहेब म्हणाले. "खांब आपलाच आहे."

ऋजुता फोन घेऊन हत्तीच्या मागून फेरी मारून आली. मागचा उजवा पाय नव्हता. बोर्डावर हत्तीचं तोंड डावीकडे, त्यामुळे मागचा उजवा पाय मागच्या डाव्याच्या आड. इतकी वर्षं आम्ही तो तिथं असेल असं धरून चाललो होतो.

मी पशुवैद्य, म्हणून मला तपासायला सांगितलं. मी आयुष्यभर म्हशी तपासल्या, पण वेळ पडल्यावर ते बोलून चालत नाही. एका हातात फोन धरला, दुसऱ्या हातानं ढुंगणाचं हाड चाचपलं. व्रण नव्हता, सूज नव्हती. मी तसं कार्यकारिणीला सांगितलं, "पाय काढून टाकलेला नाही. मुळात काढलेलाच नाही."

हत्ती परत बोर्डावर गेला नाही. एकदा भुईला पाय लागल्यावर परत सपाट होणं बरं वाटत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं, आणि ते आम्हाला पटलं. बोर्डावर नुसतं वर्तुळ उरलं. तिकिटांवर आणि बिल्ल्यांवरही नुसतं वर्तुळ उरलं. फोन खिशात टाकला की हत्ती दिसत नसे, पण वजन तिथंच असे. खांबाचा गिलावा माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर रोज थोडा थोडा पडू लागला.

कार्यकारिणीची बैठक फाटकातच घ्यावी लागली, कारण हत्तीला खोलीपर्यंत येता येत नव्हतं.

"पाय बसवून घ्या," आप्पासाहेब म्हणाले. "उगाच चर्चा नको."

ऋजुतानं तासाभरात पाय बसवला. हत्तीनं तो उचलला, टेकवला, मान वळवून नीट पाहिला.

"हा माझाच डावा पाय आहे," तो म्हणाला. "उलटा केलेला."

"दिसायला काही फरक नाही पडणार," ऋजुता म्हणाली.

"दिसायला नाही पडणार, बाळ. उभं राहायला पडेल. एकाच पायावर दोनदा कसं उभं राहायचं?"

आप्पासाहेबांनी मान हलवली. "मुद्दा बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी ऋजुतानं कंपनीच्या संग्रहातला तयार पाय आणला. पाय खरोखर देखणा होता. सुरकुत्या होत्या, केस होते, नखांत धूळसुद्धा होती. गेरूच्या हत्तीला तो करडा पाय लावला आणि हत्ती चालायला लागला, तर तीन पाय हायस्कूलकडे निघाले आणि चौथा एसटी स्टँडकडे. हत्तीनं त्याला दोनदा समजावून पाहिलं. शेवटी तो पाय काढून घ्यावा लागला.

"पायाला नावं ठेवायची नाहीत," हत्ती म्हणाला. "त्याला मांडवसर माहीत नाही, एवढंच."

गावात या गोष्टीची चर्चा होणारच. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं की चितारीनं एक पाय खाल्ला. दुसऱ्यानं त्यात भर घातली की त्या दिवशी चितारीला घरी जायची घाई होती. हे बोलणं कुंभार गल्लीपर्यंत गेलं, आणि दुपारच्या उन्हात छत्री घेऊन द्वारकाबाई संग्रहालयात आल्या.

द्वारकाबाई म्हणजे शंकररावांची एकुलती एक मुलगी. हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायच्या. आजची निम्मी कार्यकारिणी त्यांच्या हाताखालून गेलेली, म्हणजे त्यांनी कान पिरगाळलेली. आप्पासाहेब उठून उभे राहिले.

"कोण म्हणतं बाबा पाय विसरले?" त्यांनी विचारलं.

कोणीच म्हणत नव्हतं.

"आप्पा, तू सांग. हत्ती एका बाजूनं बघितला तर किती पाय दिसतात?"

"बाई, तीन दिसू शकतात. कधी चार."

"बाबांनी दिसेल तेवढं काढलं. न दिसणारं काढत बसायला ते काय अंतर्ज्ञानी होते?"

मी माझा फोन पुढे केला. द्वारकाबाईंकडे तसला फोन नव्हता. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पडद्यात पाहिलं. खांबाला टेकलेला हत्ती त्यांच्याकडेच बघत होता.

"झुलीचा काठ मी रंगवलाय," मग त्या म्हणाल्या. "पहिलीत होते. बाबांनी हात धरला होता."

"मला आठवतं, ताई," हत्ती म्हणाला. "तुमचा हात गार होता."

त्यानं ताई म्हटल्यावर आम्हालाही ते उमगलं. एकाच माणसाची दोन लेकरं, त्यातलं हे धाकटं. द्वारकाबाईंनी छत्री मिटली आणि उगाचच परत उघडली.

आप्पासाहेबांनी खाकरून विषय काढला. "बाई, तुमचा हात त्यांचाच. तुम्हीच एक पाय काढून दिलात तर—"

"नाही."

"संस्थेच्या वतीनं विनंती आहे."

"मी पाय काढला म्हणजे बाबा विसरले होते हे मी सही करून दिल्यासारखं. जमणार नाही." मग त्या हत्तीकडे वळल्या. "तुला नाही ना पाय पाहिजे?"

"पाहिजे, ताई."

"इतकी वर्षं कसा उभा होतास?"

"बोर्डावर होतो. तिथं मला कोणी चालायला सांगितलं नव्हतं."

द्वारकाबाई घरी गेल्या. रागावून गेल्या की नाही, ते त्यांच्या चालण्यावरून सांगता येत नसे. त्या नेहमीच तशा चालत.

महाराष्ट्रदिन जवळ आला तसे बाकीच्या संस्थांचे निरोप येऊ लागले. वाचनालयाची समई चालते आणि वाऱ्यात विझत नाही. संगीत मंडळाची वीणा स्वतःच्या भोपळ्यावर घरंगळत येते आणि वाटेत वाजते. शेजारच्या कवठणीच्या साहित्य सभेचा मोर तर नाचतच होता. कवठणीचं आणि मांडवसरचं आधीपासून आहे. त्यांच्याकडे साहित्य आहे आणि आमच्याकडे बाकीचं सगळं, असं आम्ही म्हणतो. ते उलटं म्हणतात.

त्यांच्या कार्यवाहांचा मला फोन आला.

"डॉक्टर, कानावर आलं. वाईट वाटलं."

"वाईट वाटण्यासारखं काही नाही."

"तुम्ही असं करा. मोर पुढे चालेल. तुमच्या हत्तीला मागून टेम्पोत घ्या. वयही झालंय त्याचं. कोणी काही म्हणणार नाही."

मी त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा देऊन फोन ठेवला. दिवाळीला अजून अवकाश होता, पण त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही.

टेम्पोची गोष्ट मी फक्त आप्पासाहेबांना सांगितली. संध्याकाळपर्यंत ती गावभर झाली. टपरीवरच्या ज्या माणसानं पाय खाल्ल्याची गोष्ट काढली होती, तो फाटकात येऊन हात जोडून उभा राहिला. त्याच्याकडे फोन नव्हता. तो खांबाच्या दिशेनं अंदाजानं म्हणाला, "चुकलं माझं." कुणीतरी त्याला फोन दिला तेव्हा कळलं की हत्तीनं सोंड त्याच्या डोक्यावर ठेवली होती.

महाराष्ट्रदिनाच्या सकाळी सगळी बोधचिन्हं आमच्या फाटकासमोर जमली. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं फोन धरून उभी. झेंडावंदन झालं. मोरानं पिसारा फुलवला. ऋजुता माझ्या शेजारी उभी होती, आणि तिला रात्रभर झोप नव्हती हे दिसत होतं.

"सर, मी त्यांना हवेत थोडं वर उचलू शकते," ती हळूच म्हणाली. "पाय भुईला लागणारच नाहीत. कुणाला कळणार नाही."

हत्तीनं ऐकलं. "नको, बाळ. मी हत्ती आहे. फुगा नाही."

मग तो आप्पासाहेबांना म्हणाला, "मी चालेन. रस्ताभर खांब असता तर बरं झालं असतं. नाहीत, तर पडेपर्यंत चालेन."

आणि त्यानं खांब सोडला.

एक पाऊल त्यानं नीट टाकलं. दुसऱ्याला तो उजवीकडे झुकला, झूल भुईला लागली. गर्दीतून आवाज आला. कवठणीचे कार्यवाह मोराला पुढे घ्यायला वळले. आप्पासाहेबांनी डोळे मिटले, हे मी पाहिलं, आणि मीही मिटणार होतो.

गर्दीतून छत्री पुढे आली, तिच्यामागून द्वारकाबाई. त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, पदर खोचला.

"फोन धरा आणि कुठं उभं राहू ते सांगा," त्या मला म्हणाल्या. "मला तो दिसत नाही."

"बाई, वजन आहे त्याला. खांबाचं काय झालंय बघा."

"जागा सांगा, डॉक्टर."

मी सांगितली. आणखी दोन पावलं मागे, थोडं डावीकडे, तिथंच. हत्तीच्या मागे उजवीकडे, जिथं पाय असायला हवा, तिथं त्या रस्त्याकडे तोंड करून ताठ उभ्या राहिल्या आणि डावा खांदा वर केला. उंचीनं त्या लहानशाच. खांदा पोचेना.

"मी थोडा वाकतो, ताई," हत्ती म्हणाला.

"वाकू नकोस. बाबांनी तुला ताठ काढलाय." त्या टाचा उचलून चवड्यांवर उभ्या राहिल्या. "हां. टेक."

हत्ती टेकला. द्वारकाबाईंचा चेहरा लाल झाला, गळ्याची शीर उठली, पण त्या हलल्या नाहीत. फोनमध्ये दिसत होतं ते मी कधी विसरणार नाही. गेरूचा हत्ती, तीन पाय गेरूचे, आणि चौथ्या जागी निळ्या लुगड्यातल्या चित्रकलेच्या बाई.

"चल," त्या म्हणाल्या.

ते चालायला लागले. आधी हत्ती एक पाऊल टाकी, मग बाई एक टाकत. मोराच्या बरोबरीला आले तेव्हा मोरानं पिसारा मिटला आणि रस्ता दिला. तसं त्याला कवठणीच्या कार्यवाहांनी सांगितलेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

पोस्टासमोर बाईंचा श्वास लागला. पोस्टमास्तर रमजान मुजावर काही न विचारता पुढे आले, त्यांच्या खांद्याखाली आपला खांदा घातला, आणि मग बाई बाहेर आल्या. पिठाच्या गिरणीपाशी गिरणीवाल्या सुलोचनाबाई आत शिरल्या, अंगावरच्या पिठासकट. त्यानंतर रांगच लागली. कोण कुठल्या कोपऱ्यापर्यंत, हे लोकांनी आपापसांतच ठरवलं. टपरीवरच्या माणसानं हायस्कूलचा चढ मागून घेतला. प्रत्येक जण बाहेर येताना खांदा चोळत होता आणि चोळताना आजूबाजूला बघत होता की कोण कोण बघतंय. नंतर मी विचारलं तर बहुतेकांनी एकच सांगितलं की वजन फार आहे, पण ऊबदार आहे.

ऋजुता फोन वर धरून पाठीमागे चालत होती. "सर, पडद्यावरून माणूस पुसता येतो," ती म्हणाली. "मग वाटेल की हत्ती एकटाच चालतोय. करू का?"

द्वारकाबाई आमच्याबरोबर चालत होत्या, अजून धापा टाकत. "पुसायचं नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा वर्गातला आवाज होता. ऋजुतानं फोन खालीच केला, आणि मीही.

हायस्कूलच्या पटांगणात आप्पासाहेबांनी भाषण केलं. ते म्हणाले, "शंकररावांची दूरदृष्टी बघा. गावानं खांदा द्यावा म्हणून त्यांनी त्या काळी एका पायाची जागा मोकळी सोडली होती."

"सोडली वगैरे काही नाही," पहिल्या रांगेतून द्वारकाबाई म्हणाल्या. "झाकली होती. बस खाली, आप्पा."

आप्पासाहेब बसले. टाळ्या मात्र खूप झाल्या, आणि त्या नक्की कोणासाठी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढच्या बैठकीत संस्थेच्या घटनेत दुरुस्ती केली. मानद अध्यक्ष, मानद कार्यवाह, तसाच आता मानद पाय. वाराप्रमाणे एकेक माणूस. हत्ती रोज सकाळी गावातून एक फेरी मारतो. नदीपर्यंत जातो, शाळा सुटायच्या वेळी फाटकात असतो. बोर्डावरचं वर्तुळही भरलं. एका सकाळी पाहिलं तर त्यात हत्ती होता, आणि त्याच्या मागच्या बाजूला त्या दिवशी ज्याची पाळी होती तो माणूस. तिकिटांवरही तसंच होतं. रविवारी द्वारकाबाई असतात, म्हणून रविवारची तिकिटं लोक जपून ठेवतात. त्या म्हणतात, माझं नाक चुकलंय.

पायाच्या जागेसाठी आता गावात चुरस आहे. कवठणीच्या कार्यवाहांनीही विचारणा केली. आम्ही कळवलं की सध्या जागा नाही, पण अधिक महिन्यात विचार करू.

मागच्या आठवड्यात साताऱ्याला एका लग्नाला गेलो होतो. मांडवात मी उभा होतो, शेजारच्या खुर्चीत मुलाकडचे एक वयस्क गृहस्थ बसले होते. माझी ओळख करून दिली गेली, पण गोंगाटात त्यांना ऐकू आलं नसावं.

"निवृत्तीनंतर आता काय करता?" त्यांनी विचारलं.

"मांडवसरच्या हत्तीचा मागचा उजवा पाय," मी सांगितलं. "बुधवारचा."

ते उठले. स्वतःची खुर्ची पुसून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बसा, बसा."

"नको," मी म्हटलं. "मी उभाच बरा. सवय आहे."